समुद्राचें दप्तर आणि आमचा पाऊस

समुद्रासंबंधीं लेख शेतकऱ्यांच्या मासिकांत कशास, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. ज्यांच्या शिवारापासून समुद्र शंभर-दीडशें कोसांवर आहे, ज्यांनीं तो जन्मांत एकदां पाहिला असेल किंवा नसेलही, त्यांस समुद्राच्या पाण्याच्या उष्णतेशीं काय कर्तव्य ? परंतु थोडा विचार केल्यास दिसून येईल कीं, मृगांत आमच्या रानावर जें पाणी पडतें, तें कांहीं दिवसांपूर्वीं समुद्रांतच होतें. पेरावें कीं थांबावें, खताची मात्रा केव्हां द्यावी, कापूस धरावा कीं तूर, हे सारे प्रश्न ज्या पावसावर अवलंबून आहेत, त्या पावसाचें मूळ खातें समुद्रावर आहे. आणि त्या खात्याचें दप्तर आज अनेक राष्ट्रें मिळून लिहितात. तें कसें लिहिलें जातें, तें सर्वांस खुलें कां ठेवावें लागतें, आणि त्यांत खंड पडल्यास आमचें कोणतें नुकसान आहे, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नोंदीविषयीं एक अनुभव

आमची हयात महसुली कारकुनींत गेली. तेव्हां समुद्राकडे वळण्यापूर्वीं आमच्या परिचयाच्या दप्तरांतील एक गोष्ट सांगतों. एका वर्षीं एका ठिकाणच्या पर्जन्यमापकाच्या नोंदींत भर श्रावणांत सलग चार दिवस शून्य लिहून आलें. वास्तविक त्याच चार दिवसांत तेथील ओढ्यास पूर येऊन कांठच्या जमिनी खरवडून गेल्या होत्या. चौकशी करतां समजलें कीं, मोजणारा इसम रजेवर गेला होता, आणि रकाने कोरे दिसूं नयेत म्हणून त्याच्या जागीं बसलेल्या मनुष्यानें ते शून्यानें भरून टाकले. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज अतिवृष्टि धरीत नाहींत, हें वाचकांस ठाऊक आहेच. नोंद शून्याची, मग मदत कसली ? अखेर शेजारच्या दोन मंडळांचे आंकडे काढून ताडून पाहिले, तेव्हां चूक सिद्ध झाली. परंतु तोंवर पांच महिने लोटले होते आणि लोकांनीं रब्बीस बियाणें उसनवार आणलें होतें.

त्या प्रकरणापासून आम्ही दोन गोष्टी शिकलों. एक, न मोजलेला पाऊस आणि न पडलेला पाऊस या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोरा रकाना खोट्या शून्यापेक्षां बरा. दुसरी, आपली चूक आपल्या वहींत सांपडत नाहीं, ती शेजाऱ्याच्या वहींत सांपडते. पुढें समुद्रविद्येसंबंधीं वाचतां वाचतां आमच्या ध्यानांत आलें कीं, जगांतील मोठमोठ्या शास्त्रज्ञांसही हेच दोन धडे शिकावे लागले आहेत.

समुद्र आणि पाऊस यांचा संबंध

हवा लवकर तापते व लवकर निवते. पाणी तसें नाहीं. समुद्राच्या वरच्या अवघ्या तीनएक मीटर थरांत जेवढी उष्णता मावते, तेवढी त्यावरील सबंध वातावरणांत मावते. पृथ्वीवर अलीकडील काळांत जी जादा उष्णता सांठत आहे, तिचा शेंकडा ९० हून अधिक भाग समुद्रानेंच पोटांत घेतला आहे. हवा हा रोजचा गल्ला, तर समुद्र ही पेढींतील ठेव होय. पुढील महिन्यादोन महिन्यांचा अजमास करावयाचा तर ठेव पहावी लागते.

केवळ उष्णता मोजून मात्र भागत नाहीं. खारटपणाही मोजावा लागतो. बंगालच्या उपसागरांत गंगा, ब्रह्मपुत्रा इत्यादि नद्यांचें गोडें पाणी येतें आणि वरून पाऊसही विपुल पडतो. गोडें पाणी हलकें असल्यानें खाऱ्या पाण्यावर सायीसारखें पसरतें व खालच्या थंड पाण्यांत सहजीं मिसळत नाहीं. त्यामुळें त्या उपसागराचा पृष्ठभाग पावसाळ्यांतही २८ अंशांच्या वर तापलेला राहतो, आणि मोठे ढग उभे राहण्यास इतकी ऊब लागतेच. उलट अरबी समुद्रांत नैर्ऋत्येचे जोरदार वारे पाणी ढवळून काढतात आणि तो जून-जुलैमध्यें निवतो. बंगालच्या उपसागरांत एकामागून एक कमी दाबाचे पट्टे तयार होतात, ते पश्चिमेकडे सरकतात, आणि विदर्भ-मराठवाड्यास जो पाऊस मिळतो त्यापैकीं बराचसा त्यांच्या कृपेचा असतो. म्हणजे नागपूरकडील कापसाचें नशीब कांहीं अंशीं ब्रह्मपुत्रेच्या मुखाशीं पाणी किती खारट आहे यावर ठरतें !

याहून दूरचाही संबंध आहे. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या किनाऱ्यावर कांहीं वर्षीं समुद्र नेहमींपेक्षां तापतो. यासच ‘एल निनो’ म्हणतात. अशा वर्षीं आमच्याकडे पाऊस ओढ देण्याचा संभव वाढतो. पेरू आणि परभणी यांचा असा संबंध आहे हें एका राष्ट्राच्या नोंदींवरून कधींही कळलें नसतें.

एकत्र नोंदींची सुरुवात

अमेरिकेच्या आरमारांत मॅथ्यू मॉरी नांवाचा एक अधिकारी होता. अपघातांत पाय अधू झाल्यानें त्यास समुद्रावर जातां येईना, म्हणून १८४२ सालीं त्यास नकाशांच्या कोठाराचें काम देण्यांत आलें. तेथें जुन्या जहाजांच्या रोजनिश्यांचे गठ्ठे धूळ खात पडले होते. इतरांस ती रद्दी वाटली. मॉरीनें मात्र प्रत्येक रोजनिशींतून तारीख, ठिकाण, वारा व प्रवाह उतरून काढून त्यांवरून नकाशे केले. ते नकाशे तो खलाशांस फुकट देई. अट एवढीच कीं, त्यांनीं आपल्या सफरीची नोंद ठराविक नमुन्यांत लिहून परत पाठवावी. नोंद द्या आणि नकाशा घ्या, असा हा व्यवहार होता. पुढें १८५३ सालीं ब्रसेल्स येथें १० राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि समुद्रावरील हवामानाची नोंद सर्वांनीं एकाच पद्धतीनें करावी असें ठरलें.

आमच्या देशांत या विद्येची गरज दुष्काळानें शिकविली. हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें आणि लगेच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. १८८६ पासून खातें पावसाचा अंदाज नियमानें प्रसिद्ध करूं लागलें. परंतु १८९९ सालीं अंदाज चांगल्या पावसाचा आणि प्रत्यक्षांत छप्पनचा दुष्काळ, असा प्रकार झाला. त्या नामुष्कीनंतर कांहीं वर्षें अंदाज लोकांस न सांगतां फक्त सरकारास कळविण्यांत येत असे. अंदाज चुकला म्हणून तो झांकून ठेवणें हा उपाय नव्हे, हें आज आम्हांस सहज कळतें.

१९०४ सालीं त्या खात्यावर सर गिल्बर्ट वॉकर हे गणिती आले. त्यांनीं केवळ हिंदुस्थानचे आंकडे न घेतां जगभरच्या वेधशाळांतील हवेचा दाब, तपमान, पाऊस, नाईल नदीचा पूर, असें जें मिळेल तें मागविलें आणि कचेरींतील हिंदी कारकुनांकडून हातानें गणित करविलें. त्यांतून दिसून आलें कीं, पॅसिफिक महासागरावरील हवेचा दाब चढला म्हणजे हिंदी महासागरावरील उतरतो व तो उतरला म्हणजे हा चढतो; पाळण्याच्या झोक्याप्रमाणें हें चालतें. १९२४ सालीं त्यांनीं यास ‘दक्षिणी आंदोलन’ असें नांव दिलें. हा झोका आणि पेरूकडील एल निनो ही एकाच घटनेचीं दोन अंगें आहेत हें दाखविण्यास १९६० नंतरचा काळ यावा लागला. कारण मधल्या समुद्रावरील नोंदीच नव्हत्या. रकाना कोरा होता.

हिंदी महासागराची पाहणी

सर्व महासागरांत हिंदी महासागर हा फार काळ दुर्लक्षित राहिला. १९५९ ते १९६५ या काळांत अनेक राष्ट्रांनीं मिळून त्याची मोठी पाहणी केली. सुमारें ४० जहाजें तींत कामास होतीं. आमच्या आरमाराचें ‘कृष्णा’ हें जहाजही होतें. ज्या काळांत रशिया व अमेरिका एकमेकांकडे डोळे वटारून पाहत होते, त्याच काळांत त्यांचीं जहाजें या कार्यांत एका नमुन्याचे तक्ते भरीत होतीं. हवामानाचे आंकडे एकत्र करण्याचें आंतरराष्ट्रीय केंद्र मुंबईस होतें. या पाहणीचें फळ म्हणून १ जानेवारी १९६६ रोजीं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचें मुख्य ठाणें गोव्यांत दोना पावला येथें आहे. अशा कामांत राष्ट्रांनीं एकमेकांशीं मिळून वागावें म्हणून युनेस्कोच्या आश्रयाखालीं १९६० सालीं आंतरसरकारी समुद्रविज्ञान आयोग निघाला. १९६१ पासून समुद्राच्या आंकड्यांची देवघेव करण्याची व्यवस्था त्याच्याच देखरेखीखालीं चालते.

आजचा पर्जन्यमापक : आर्गो

जहाजें फार थोड्या ठिकाणीं जातात आणि वादळांत तर जातच नाहींत. म्हणून सुमारें २००० सालापासून ‘आर्गो’ नांवाचीं तरंगतीं यंत्रें समुद्रांत सोडण्यास आरंभ झाला. हें यंत्र नळकांड्याच्या आकाराचें असून त्याचें वजन सुमारें २० ते ३० किलो असतें. तें एक हजार मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहत राहतें. दर दहा दिवसांनीं तें दोन हजार मीटर खोल जातें आणि तेथून वर येतां येतां पाण्याचें तपमान, खारटपणा व दाब मोजतें. वर आल्यावर आंकडे उपग्रहाकडे पाठवितें आणि पुन्हां बुडी मारतें. यांतील युक्ति सोपी आहे. यंत्राच्या पोटांतील तेल बाहेरील पिशवींत ढकललें कीं वजन तेंच राहून आकार वाढतो व यंत्र वर येतें. तेल परत आंत ओढलें कीं तें बुडतें. असा क्रम चार-पांच वर्षें चालून त्याची बॅटरी संपते.

२००७ सालच्या नोव्हेंबरांत अशा यंत्रांची संख्या ३,००० झाली. पुढें ती ४,००० च्या घरांत गेली. या कार्यांत सुमारें ३० राष्ट्रांचा हात आहे. सुमारें ३०० किलोमीटर लांब व तितक्याच रुंद चौकटीस एक यंत्र, असें प्रमाण धरलेलें आहे. म्हणजे सबंध महाराष्ट्राएवढ्या समुद्रास तीन-चार. यावरून हें दप्तर अद्याप किती विरळ आहे हें वाचकांस समजेल.

यंत्र कोणाचेंही असो, त्याचे आंकडे साधारणपणें चोवीस तासांच्या आंत फ्रान्समधील ब्रेस्ट व अमेरिकेंतील मॉन्टेरे येथील दोन कोठारांत जातात आणि तेथून कोणीही ते विनामूल्य घ्यावे, असा नियम आहे. आमच्याकडून हें काम हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र पाहतें. तें १९९९ सालीं निघालें.

आतां शेजाऱ्याच्या वहीची गोष्ट पहा. २००६ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं आर्गोचे आंकडे पाहून असें प्रसिद्ध केलें कीं, मागील दोन-तीन वर्षांत समुद्र निवूं लागला आहे. परंतु उपग्रहांनीं मोजलेली समुद्राची पातळी तर चढतच होती. पाणी निवलें तर आकसावयास पाहिजे. मेळ बसेना. तेव्हां पुन्हां तपासणी झाली आणि २००७ सालीं उघड झालें कीं, कांहीं यंत्रांच्या खोलीच्या नोंदींत दोष होता व जहाजांवरून टाकावयाच्या जुन्या मापकांचीही चूक त्यांत मिसळली होती. ज्यांनीं पहिला निष्कर्ष काढला होता त्यांनींच तो उघडपणें दुरुस्त केला. आंकडे एखाद्या राष्ट्राच्या तिजोरींत बंद असते, तर ही चूक कित्येक वर्षें खरी म्हणून चालली असती. खुलें दप्तर म्हणजे निर्दोष दप्तर नव्हे, तर ज्यांतील दोष सांपडतो असें दप्तर.

यापासून आम्हांस काय मिळालें

१९९७ सालीं मोठा एल निनो होता. दुष्काळाची भीति सर्वत्र पसरली. परंतु देशाचा पाऊस सरासरीच्या शेंकडा १०२ पडला. याचें कारण शोधतां १९९९ सालीं हिंदी व जपानी शास्त्रज्ञांनीं मिळून दाखविलें कीं, हिंदी महासागरासही स्वतःचा एक झोका आहे. कांहीं वर्षीं आफ्रिकेकडील बाजू तापते व सुमात्र्याकडील बाजू निवते. कांहीं वर्षीं याच्या उलट होतें. पश्चिम बाजू तापलेली असल्यास आमच्या पावसास बहुधा साहाय्य होतें. २०१९ सालीं हा झोका फार जोराचा होता आणि त्या वर्षीं देशाचा पाऊस शेंकडा ११० झाला.

मात्र यावरून सर्व कळलें असें कोणीं समजूं नये. २००२ सालीं खात्याचा अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता आणि प्रत्यक्ष पाऊस शेंकडा ८१ पडला; जुलैंत तर सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला. पुढें २०१२ पासून समुद्र व हवा यांचें एकत्र गणित करणारी पद्धति पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या पुढाकारानें चालू झाली. त्या गणिताचें मूळ अमेरिकेंतील संस्थेकडून आलें आणि त्यास लागणारे समुद्राचे आंकडे सर्व राष्ट्रांच्या यंत्रांकडून येतात. अंदाज पूर्वीपेक्षां सुधारले आहेत, तरी ते अंदाजच आहेत.

खंड पडण्याचे धोके

हें दप्तर आपोआप चालत नाहीं. १९८२ च्या सागरी कायद्याप्रमाणें किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत शास्त्रीय पाहणी करण्यास त्या त्या राष्ट्राची संमति लागते. यंत्र वाहत वाहत कोणाच्या हद्दींत शिरेल याचा नेम नसतो. त्यामुळें त्याची सूचना किनाऱ्याच्या राष्ट्रास देण्याचे नियम वाटाघाटी करून ठरवावे लागले. बांधाचा तंटा आम्हांस नवा नाहीं. हा पाण्यावरचा बांध होय.

हिंदी महासागरांत २००४ पासून अनेक राष्ट्रांनीं मिळून नांगरलेल्या बोयांची एक रांग उभारण्यास घेतली. एकंदर ४६ बोये टाकण्याचा बेत होता. सोमालियाकडील चांचेगिरीमुळें पश्चिमेच्या भागांत कित्येक वर्षें जहाजें जाऊं शकलीं नाहींत. आमच्या पावसाचे वारे ज्या समुद्रावरून येतात तोच हा भाग ! दुसरीकडे, बोयांभोंवतीं मासे जमतात म्हणून मासेमारीचीं गलबतें तेथें येतात आणि कोठें दोर तुटतो, कोठें यंत्र मोडतें. शिवाय आर्गोचीं निम्म्याच्या आसपास यंत्रें आजवर एकट्या अमेरिकेनें सोडलेलीं आहेत. एकाच घरावर इतका भार असला आणि त्या घरानें हात आंखडता घेतला, तर सर्वांच्याच वहींत रकाने कोरे पडतील.

आणि आंकडे असूनही ते लोकांपर्यंत न पोंचले तर व्यर्थ. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुमात्र्याजवळ भूकंप होऊन त्सुनामीच्या लाटा उठल्या. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्या येण्यास दोन तासांच्या सुमारास अवधि होता. परंतु पॅसिफिकमध्यें जी इशाऱ्याची व्यवस्था कित्येक दशकें चालू होती, ती हिंदी महासागरांत नव्हती. सर्व देश मिळून दोन लाखांहून अधिक माणसें गेलीं. सुमात्र्यालगतच्या सिमेउलुए बेटावर मात्र, सत्तर हजारांहून अधिक वस्ती असतां, केवळ ७ माणसें मृत्यु पावलीं. १९०७ च्या लाटेची आठवण तेथील वडील माणसांनीं नातवंडांस सांगून ठेविली होती : जमीन जोरानें हालली व समुद्र मागें हटला कीं डोंगराकडे धांवावें. पुढें २००७ सालीं हैदराबादच्या केंद्रांत इशारा देण्याची व्यवस्था झाली, आणि २०११ पासून तें केंद्र ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया यांच्याबरोबर हिंदी महासागराभोंवतालच्या इतर देशांसही इशारे देतें. संयुक्त राष्ट्रांनीं २०२१ ते २०३० हें समुद्रविज्ञानाचें दशक ठरविलें आहे, त्यांतही लोकांस समुद्राचें ज्ञान करून देणें हा एक मुख्य हेतु आहे.

आमचें कर्तव्य

यावर शेतकरी बंधूंनीं काय करावें, तें थोडक्यांत लिहितों.

(१) हवामान खातें दर गुरुवारीं पुढील चार आठवड्यांचा अंदाज देतें. पहिल्या पावसावर भुलून पेरणी करण्यापूर्वीं तो अवश्य पहावा. पहिल्या दोन आठवड्यांचा भरंवसा अधिक, पुढच्या दोहोंचा कमी, हें ध्यानांत ठेवावें.

(२) ‘यंदा एल निनो आहे, आतां सर्व बुडालें’ अशा आवईवर विश्वास ठेवूं नये, आणि ‘यंदा पाऊस भरपूर’ एवढ्या शब्दावर सर्व बियाणें एकदम जमिनींत घालूंही नये. देशाची सरासरी म्हणजे आपल्या गांवचा पाऊस नव्हे.

(३) प्रत्येकानें घरीं पाऊस मोजावा. उभ्या सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा उघड्या जागीं, झाड व भिंत यांपासून दूर, पक्का बसवावा. रोज सकाळीं एकाच वेळीं पाण्याची खोली पट्टीनें मिलिमीटरांत मोजून लिहावी व डबा रिकामा करावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरीं सुमारें ४,००० लिटर पाणी, असा हिशेब धरावा.

(४) ही वही घरांत ठेवूं नये, शेजाऱ्याच्या वहीशीं ताडून पहावी. या घरगुती मापास सरकारी नोंदीचा मान मिळत नाहीं. तथापि एका गांवांतील दहा वह्या एकमेकींशीं जुळल्या आणि मंडळाचा आंकडाच निराळा निघाला, तर चौकशी मागण्यास आधार मिळतो.

आमच्या संस्थेच्या सभासदांनीं येत्या ज्येष्ठापासून गांवोगांवीं अशा वह्या सुरू कराव्या आणि दर महिन्यास त्यांची एक प्रत संस्थेकडे पाठवावी, अशी आमची विनंती आहे. ज्या दिवशीं मोजतां आलें नाहीं, त्या दिवसाचा रकाना कोराच ठेवावा. तेथें शून्य लिहूं नये.